हजेरीपटाबाहेरची मुलगी

बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मध्ये तिसरा धडा प्रजननाचा आहे. सुरुवात अमिबाच्या विभाजनापासून होते, मग हायड्राची कलिका येते, फुलातले पुंकेसर-स्त्रीकेसर येतात आणि शेवटी माणूस. मासिक पाळीचं चक्र आहे, जुळी कशी होतात ते आहे, सरोगसी आणि वीर्यपेढीसुद्धा आहे. बोर्डाला आकृती येते म्हणून मुलं ती घोटून ठेवतात. वर्गात मात्र हायड्रापर्यंत तास निवांत चालतो आणि माणूस आला की बाईंची किंवा सरांची गती एकदम वाढते. 'पुढचं घरी वाचून या, सोपं आहे.' मागच्या बाकावर खसखस पिकते, मुली वहीत डोकं घालतात, घंटा होते. हा अनुभव महाराष्ट्रातल्या इतक्या पिढ्यांनी घेतला आहे की त्यासाठी साक्षीदार शोधायला लागत नाहीत.

धडा म्हणून तो वाईट नाही. अवयव आहेत, संप्रेरकं आहेत, रोगांची नावं आहेत. दोन माणसं तेवढी कुठे भेटत नाहीत. त्यामुळे आवड, भीती, नकार, जबरदस्ती यांतलं काही धड्यात येण्याचा प्रश्नच नाही. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ज्या मुलीला या धड्याची सगळ्यांत जास्त गरज होती, ती अनेक गावांत दहावीच्या वर्गात पोचतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८ टक्के. प्रगत म्हणवणारं आपलं राज्य इथे देशाच्या सरासरीच्या मागे आहे. या मुलींमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या कायदेशीर सुनाही आहेत, हे खरं. पण त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं, तेव्हा राज्यात जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणीत हा आकडा ४८ च्या घरात आहे, बीडमध्ये ४३ च्या वर.

म्हणजे कुमारवयातली गर्भधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते कॉलेजच्या गेटवरचं प्रेमप्रकरण, आणि पाहणीत दिसते ती लग्न लावून दिलेली मुलगी. आपल्याकडच्या किशोरवयीन गर्भधारणा बहुतांशी मांडवातून येतात. भटजी असतो, वाजंत्री असते, पंगत असते, आणि गावातली निम्मी शहाणी माणसं त्या पंगतीला जेवून आलेली असतात. शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नाही यावर आपण अनेक वर्षं भांडतो आहोत. आणि त्या भांडणात ही मुलगी क्वचितच येते.

भांडणाचा इतिहास सांगायचा तर २००७ पासून सांगावा लागतो. त्याआधी दोन वर्षं केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे 'नॅको'ने, किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला होता. नववी आणि अकरावीच्या मुलांना वर्षाला किमान सोळा तास. शरीरातले बदल, मैत्री, दबावाला नाही म्हणणं, एचआयव्ही. शिक्षकांसाठी तक्ते आणि पुस्तिका निघाल्या, आणि त्यांतल्या चित्रांवरून आग लागली. महाराष्ट्राच्या विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत होण्याचे प्रसंग मोजके. हा त्यांतला एक ठरला. राज्याने कार्यक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि आणखी काही राज्यांनीही त्या सुमारास तेच केलं. पुढे प्रकरण राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेलं. व्यंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने २००९ मध्ये अहवाल दिला : शाळांत लैंगिक शिक्षण नको, एचआयव्ही वगैरे मजकूर जीवशास्त्राच्या पुस्तकात घालायचाच असेल तर अकरावी-बारावीच्या टप्प्याआधी नको.

अकरावी-बारावी! परभणीच्या त्या ४८ टक्के मुलींपैकी किती जणी अकरावी-बारावीचं जीवशास्त्र शिकत असतील? समितीने संस्कृतीचा विचार केला, कोवळ्या मनांचा केला. पटाचा विचार मात्र केला नाही.

हे सगळं ज्या महाराष्ट्रात घडलं, तिथेच रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. त्या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या खटल्यातला आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. लोक आपल्या शरीराविषयी विचारत होते आणि एक माणूस सरळ उत्तर देत होता, एवढाच गुन्हा. खटला हरले, दंड झाला. पुढे अमोल पालेकरांनी कर्व्यांवर 'ध्यासपर्व' काढला, अतुल पेठ्यांनी 'समाजस्वास्थ्य' रंगमंचावर आणलं, आणि आपण दोन्हींना टाळ्या वाजवल्या. कर्वे आपल्याला सिनेमा-नाटकात चालतात, शाळेच्या वेळापत्रकात चालत नाहीत.

बंदी आली म्हणून काम थांबलं असं झालं नाही. ते वेष पालटून शाळेत शिरलं. कधी एड्सविरोधी पथनाट्य म्हणून, कधी जीवनकौशल्य म्हणून, कधी 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' म्हणून. सगळ्यांत सहज प्रवेश मिळाला मासिक पाळीला, कारण तिच्यावर स्वच्छतेची चादर घालता येते. ८ मार्च २०१८ रोजी राज्याने 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट. चांगली गोष्ट झाली. पण वेष पालटताना काही ना काही मागे टाकावं लागतं. एड्सच्या वेषात शरीर म्हणजे फक्त धोका झालं. स्पर्शाच्या वेषात परका माणूस वाईट ठरला. मामा, चुलता, नात्यातला नवरा यांच्यापर्यंत गोष्ट गेली नाही. पाळीच्या वेषात मुलगे वर्गाबाहेर खेळायला पाठवले गेले. गर्भनिरोधन तर कुठल्याच वेषात बसलं नाही.

२०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याच्या किशोर-स्नेही दवाखान्यांना महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. ग्रामीण रुग्णालयांत पाटी दिसते, समुपदेशक बसतो. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत करायचं ठरलं आणि अकरा विषय नेमले गेले. पोषण, व्यसन, मोबाइलचा सुरक्षित वापर, नागरिकाची मूल्यं अशा रांगेत प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही हा एक. शिक्षक आधीच खिचडी, निवडणूक, ऑनलाइन माहिती यांत बुडालेला. अकरांतला कोणता विषय 'वेळेअभावी' राहील हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच सुमारास नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात माध्यमिक शाळेत लैंगिक शिक्षण असावं, त्यात संमती, छळ, कुटुंबनियोजन यावं असं स्पष्ट वाक्य होतं. २०२० च्या अंतिम धोरणात ते उरलं नाही.

शिकवल्याने मुलं बिघडतात हा आक्षेप आता तरी मागे पडायला हवा. युनेस्कोने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नीट लैंगिक शिक्षण दिल्याने संबंध लवकर सुरू होतात असं कुठे दिसलं नाही. नुसता ब्रह्मचर्याचा उपदेश करणारे कार्यक्रम मात्र निष्फळ ठरले. इंग्लंडने १९९९ मध्ये शाळकरी गर्भधारणा कमी करण्याचं राष्ट्रीय धोरण आखलं, त्याच्या आदल्या वर्षी १५ ते १७ वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा होत होत्या. २०१८ पर्यंत हा दर १७ च्या आत आला. तिथे शाळेतल्या तासाला मुलांना न ओशाळता जाता येईल अशा दवाखान्याची जोड होती, आणि आई झालेल्या मुलीचं शिक्षण चालू राहील अशी मदतही.

इंग्लंडचं सोडा, झारखंड पाहा. महाराष्ट्राने पाठ फिरवली त्याच काळात झारखंडच्या शिक्षण खात्याने 'उडान' नावाचा कार्यक्रम सरकारी शाळांत उभा केला आणि पुढे वर्षानुवर्षं टिकवला. स्वयंसेवी संस्थेने अभ्यासक्रम घडवला, शिक्षक तयार केले, राज्याने तो आपला मानला. गरीब, आदिवासीबहुल राज्याने हे करून दाखवलं याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पाचव्या सर्वेक्षणात झारखंडमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं; आधीच्या फेरीतल्या जवळपास ३८ वरून खाली आलं, तरी ३२. वर्गातला तास जिथे भरतो तिथे काम करतो. वर्गातून उठवून नेलेल्या मुलीच्या मागे तो घरापर्यंत जात नाही.

मागे जाण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला, पैठण तालुक्यातल्या पाचोडला. डॉ. अशोक द्याळचंद यांच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाअखेर तिथल्या खेड्यांत अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. मुली बहुतेक शाळा सुटलेल्या, दिवसा खुरपायला नाहीतर वेचणीला जाणाऱ्या. म्हणून वर्ग संध्याकाळी, एक तासाचा, आठवड्याचे कामाचे सगळे दिवस, वर्षभर. शिकवणाऱ्या गावातल्याच बाया. आरोग्य, पोषण आणि शरीर यांच्याबरोबर सरकारी कार्यालयात अर्ज कसा द्यायचा, बँकेत कसं बोलायचं, हेही. आई-बापांना आधी विश्वासात घेतलेलं. पुढे या कामाचं मोजमाप झालं तेव्हा १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांतलं अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आलेलं दिसलं. ६२ हा आकडा काही मिरवावा असा नाही. पण चार वर्षांत एवढी घट, तीही कायद्याचा बडगा न उगारता.

मला या प्रयोगात सगळ्यांत मोलाची वाटते ती वेळ. संध्याकाळी, रोज, वर्षभर घराबाहेर पडून गावातल्याच खोलीत बसणारी मुलगी दिसते, मोजली जाते. ती चार दिवस आली नाही तर बाई घरी जाऊन विचारते. तिथे काय शिकवलं याइतकंच, ती कुणाच्या तरी हिशेबात राहिली, हेही महत्त्वाचं.

गडचिरोलीतलं काम वेगळ्या वाटेने इथे आलं. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या 'लॅन्सेट'मधल्या या निबंधाने बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण ही समजूत जगभर मोडीत काढली. पुढे बंग यांच्या 'सर्च' संस्थेतून 'तारुण्यभान' नावाची शिबिरं सुरू झाली; तीन दिवसांची, कॉलेज आणि शाळांतल्या तरुण मुलामुलींसाठी. पुण्यात 'तथापि', 'प्रयास' यांसारख्या संस्थांनी साध्या मराठीत साहित्य तयार केलं. अशा शिबिरांत चिठ्ठ्यांची पेटी हमखास असते आणि चिठ्ठ्यांतले प्रश्न 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकांच्या प्रश्नांहून फार पुढे गेलेले नाहीत. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच का? पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे का? शंभर वर्षांत मोबाइल आला, पेटीतले प्रश्न तसेच राहिले.

मोबाइलवरून मुलग्यांकडे यावं लागतं. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' सिनेमातली पोरं व्हीसीआर भाड्याने आणण्यासाठी पैसे जमवतात. त्यात थोडी मेहनत तरी होती. आता बारा वर्षांच्या मुलाच्या खिशात सगळं आहे आणि त्याला त्याविषयी एक वाक्य बोलणारा मोठा माणूस नाही. गर्भनिरोधनाचा भार मुलीवर, पाळीचं ज्ञान मुलीला, स्पर्शाची सावधगिरी मुलीने बाळगायची. मग बाविसाव्या वर्षी त्याच मुलाचं सोळा वर्षांच्या मुलीशी लग्न लागतं आणि वर्षाच्या आत पाळणा हललाच पाहिजे म्हणून दोन्ही घरं त्याच्याकडेही डोळे लावून बसतात. तिला नको असेल तर थांबावं, आणि थांबण्यासाठी साधनं असतात, हे त्याला कुणी, कधी, कोणत्या इयत्तेत सांगितलं?

आता बीडकडे. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. पोराचं लग्न केलं की घरात एक पुरा कोयता वाढतो, उचल वाढते. दुसऱ्या बाजूला तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आई-बाप सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. मुलीला न्यावं तर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहायचं, ठेवावं तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. या दोन हिशेबांची गाठ पडते आणि दसऱ्याच्या आसपास लग्नं उरकतात. हे अडाण्यांचं काम नाही, हा अडलेल्यांचा हिशेब आहे. त्याचं पुढचं टोक २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला दिसलं. पाहणी झालेल्या बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. लवकर लग्न, लवकर दोन-तीन बाळंतपणं, फडावरची अंगमेहनत, अंगावर काढलेली दुखणी, आणि मग पिशवी काढून टाकण्याचा सल्ला.

या मुलीसाठी लैंगिक आरोग्याचा कार्यक्रम कोणता? माझ्या मते पहिला कार्यक्रम म्हणजे एसटी. गावची शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल चार-पाच कोसांवर. मधला रस्ता हेच अनेक घरांत शाळा सोडवण्याचं कारण असतं. मानव विकास कार्यक्रमातल्या, खास मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्या २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांसाठी आल्या, त्याआधीपासून अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास आहे. परिवहन खात्याच्या कुठल्याही अहवालात ही गाडी कुटुंबनियोजनाची म्हणून मोजली जात नसेल. पण ती वेळेवर आली आणि संध्याकाळी भरवशाने परत आली, तर मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं जाण्याची शक्यता कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त. दुसरा कार्यक्रम म्हणजे आई-बाप तोडीला गेल्यावर मुलींना शाळेजवळच ठेवणारं हंगामी वसतिगृह. आणि तिसरा, शरीराविषयीचे तास सहावी-सातवीत आणणं, कारण गळती सुरू होते ती नंतर.

आणि मुलगी शाळेबाहेर पडून गरोदर झालीच, तर? इथे कायदा आडवा येतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या कुणाशीही संबंध हा गुन्हा ठरवला. तिची संमती विचारात नाही. कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलं पाहिजे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी संबंधही बलात्कार ठरवला. तत्त्व म्हणून यातलं काही चूक नाही. पण सतरा वर्षांची गरोदर सून प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला गेली की नर्सताईंपुढे प्रश्न उभा राहतो : नोंद करायची की तक्रार? घरच्यांना तो आधीच कळलेला असतो. मग वय वाढवून सांगितलं जातं, नाहीतर नोंदच उशिरा होते, आणि रक्तक्षय, रक्तदाब, कमी वजनाचं बाळ हे सगळं अंधारात वाढतं. आसामात फेब्रुवारी २०२३ मध्ये बालविवाहांवरून हजारोंना अटक झाली, तेव्हा अटकेच्या भीतीने गरोदर मुली दवाखान्यात यायला बिचकू लागल्याच्या बातम्या आल्या. प्रेमसंबंधातून दिवस गेलेल्या मुलीचं तर विचारूच नका. मैत्री क्लिनिकची पाटी मैत्रीची, पण आतला माणूस कायद्याने पोलिसांचा खबऱ्या.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी थोडी वाट मोकळी केली. अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या तिची ओळख डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत उघड करण्याची गरज नाही, असं सांगितलं. निकाल स्पष्ट आहे. तो तालुक्याच्या ठिकाणच्या किती डॉक्टरांपर्यंत, आशाताईंपर्यंत पोचला, हा खरा सवाल. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. त्याआधी न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये सांगितली होती. शिफारशींचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याच गावात त्याला घरपट्टी वसूल करायची असते, सरपंचाच्या पोराच्या लग्नातही जायचं असतं. त्याच्या हातात शाळेची हजेरी आठवड्याला येत नाही. ती मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखाकडे जाते, आरोग्य केंद्राची नोंद तिसऱ्याच वाटेने जाते. तीन खाती एकाच मुलीविषयी तीन कागद लिहितात आणि ते कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. लग्न ठरण्याआधी मुलगी शाळेत यायची बंद होते, हे कुठलाही वर्गशिक्षक सांगेल.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालन्याच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीचे ट्रक-ट्रॅक्टर निघतात. सुट्टीनंतर शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं. हंगामी वसतिगृहाची मंजुरी त्याआधी हातात असायला हवी. ती डिसेंबरात आली तर उपयोग नाही, कारण तोवर मुलगी कोपीत किंवा सासरी गेलेली असते. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सातवी ते दहावीच्या ज्या मुली सलग तीन दिवस आल्या नाहीत त्यांची यादी वर्गशिक्षकाने ग्रामसेवकाला आणि आशाताईला द्यावी, आणि दोघांनी त्याच आठवड्यात घरी जावं. याला नवा कायदा लागत नाही, नवी चित्रं लागत नाहीत, विधिमंडळात चर्चाही लागत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं एका पानाचं पत्र लागतं.